हो हो, बरं बरं

माझे कान ठणठणीत आहेत, असं मी तीस वर्षं सांगत आलो. लोकांनाच बोलायला येत नाही, हे माझं मत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडंफार आहे. पूर्वी माणसं छातीतून बोलायची. आता सगळे पुटपुटतात. बँकेतली पोरगी पुटपुटते, बातम्या देणारे पुटपुटतात, आमचा पोरगा समर्थ तर इंजिनिअर होऊन पुटपुटतो. कॉलेजात एवढी चार वर्षं घातली, पण कुणी त्याला तोंड उघडून बोलायला शिकवलं नाही.

मी दौलतराव शेलार. राहायला चिंचवडला, बिजलीनगरात. चार वर्षांपूर्वी रिटायर झालो. त्याआधी चौतीस वर्षं एकाच कंपनीत, प्रेस शॉपला. पहिली काही चिंचवडला आणि मग कंपनी चाकणला गेली तेव्हा तिथं. प्रेस शॉप म्हणजे जिथं पत्र्याला डायमध्ये, म्हणजे साच्यात, काही शे टनांचा दणका देऊन गाडीचा दरवाजा काढतात. एक दणका बसला की दातांपर्यंत जातो. असे मिनिटाला बारा, आठ तास, आणि ओव्हरटाइम असला तर विचारूच नका. कानात घालायला कंपनी बुचं द्यायची. ती आम्ही खिशात ठेवायचो आणि सेफ्टीवाला साहेब दिसला की घालायचो.

त्या गदारोळात कुणाचं कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. साहेब जवळ येऊन तोंड हलवायला लागले की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो हो, बरं बरं." साहेब समाधानानं जायचे. प्रेस शॉपमध्ये सांगण्यासारख्या गोष्टी असतात किती? चालू कर, बंद कर, डाय बदल, माल आला नाही. तोंडाकडं बघून कळतं. "ऐकू आलं नाही, परत सांगा" असं म्हणणारा माणूस नवखा समजला जायचा. मी शिकलो, मी पुढच्या पोरांना शिकवलं, आणि त्या एका विद्येवर मी सुपरवायझर झालो.

दर वर्षी कानाची तपासणी व्हायची. काचेच्या पेटीत बसवायचे, कानावर हेडफोन, आणि पिप्प वाजलं की बोट वर करायचं. पलीकडं बटण दाबणारी बाई असायची. तिनं बटण दाबलं की तिचा उजवा खांदा एवढासा हलायचा. मी खांद्याकडं बघून बोट वर करायचो. शेवटच्या वर्षीसुद्धा डॉक्टरांनी लिहिलं, नॉर्मल. नाहीतर काय करणार होते? कान गेला म्हणून स्टोअरला बसवलं असतं, खिळे मोजत. ते मला नको होतं.

घरीही हीच विद्या चालली. घरातल्या गोष्टी तरी किती? गॅस संपला, पाणी आलं नाही, पोराची फी, रविवारी कुणाकडं तरी जायचंय. गिरजा, म्हणजे आमची मंडळी, समोर उभी राहून बोलली की मला तिच्या ओठांवरून सगळं समजायचं. पाठमोरी बोलली की मी म्हणायचो, हो हो, बरं बरं. संसार झाला. आता तुम्ही म्हणाल, बायकोला कळलं नसेल का? थांबा, येतो त्याच्यावर.

सात महिन्यांपूर्वी सुखदा, आमची सून, बाळंत झाली. समर्थ आणि ती मारुंजीला राहतात, सतराव्या मजल्यावर. गिरजा सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली. सव्वा महिन्याचे तीन झाले, तिनाचे सात. पहिल्यांदा मी दर रविवारी जायचो. पण डांगे चौकातून पुढं तो हिंजवडीचा रस्ता म्हणजे माणसानं पापं आठवावीत असा. तिथं पोचल्यावर नात झोपलेली, सून दमलेली, पोरगा लॅपटॉपमध्ये. गिरजा सगळ्यांसमोर मला एवढंच विचारायची, "जेवलात का?" मग मी महिन्यातून एकदा जायला लागलो, आणि शेवटी तर दोन महिने गेलोच नाही. भाजी-भाकरी मला येते. बरं चाललं होतं माझं.

फोन मात्र गिरजा रोज करायची. दुपारी तीनला, नात झोपली की. ती कपडे वाळत घालायच्या गॅलरीत उभी राहायची आणि हळू बोलायची, कारण सुखदा घरूनच काम करायची आणि तिच्या मीटिंगा चालू असायच्या. मी फोन स्पीकरवर टाकून, आवाज पार वर नेऊन, टेबलावर ठेवायचो. त्यातून कढईत फोडणी टाकल्यासारखी चरचर यायची. मध्ये मध्ये ती थांबली की मी माझं बोलायचो. "हो हो." "छान छान." "बरं झालं." पाचसात मिनिटांनी ती ठेवायची. रोजचं बोलणं व्हायचं, नवरा-बायकोत आणखी काय पाहिजे?

आमच्या वरच्या खोलीत निवेदिता नावाची मुलगी भाड्यानं राहते. नाशिककडची आहे, हिंजवडीच्या कंपनीत नोकरी करते, पण बहुतेक दिवस वरच्या खोलीत बसूनच. तिचं काम काय, तर चाकणला ज्या गाड्या बनतात त्यांच्यातला तो पडदा असतो ना पुढं, गाणी लावायचा आणि फोनवर बोलायचा, त्याच्या आतला प्रोग्रॅम लिहायचा. मी तिला म्हटलं होतं, आम्ही गाडीचा दरवाजा केला आणि तू गाडीला कान केलेस. ती हसली होती. गुणी पोरगी. माझा जुना कंप्युटर तिनंच जिवंत केला. विंडोजनं सांगून टाकलं होतं की हे मशीन आता जुनं झालं, नवीन घ्या. च्यायला, मशीन चालतंय, माणूस चालतोय, आणि हे घरी बसवणार! निवेदितानं त्यात लिनक्स टाकलं आणि मशीन पळायला लागलं. मी त्यावर पेपर वाचतो आणि महापालिकेला तक्रारी लिहितो.

मागच्या महिन्यात ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काका, तुमच्या फोनचा आवाज माझ्या मीटिंगमध्ये येतो."

मला राग आला. माझ्या घरात मी फोन कसा ऐकायचा हे भाडेकरू सांगणार? मी म्हटलं, "मग दार लाव."

ती म्हणाली, "दार लावूनच बसते काका." आणि मग म्हणाली, "आपण तुमचा फोन कंप्युटरला जोडू या का? मोठे हेडफोन लावून बोलता येईल." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला कळत होतं, पण दर दोन दिवसांनी ती विचारायचीच.

मग एका रविवारी सकाळी दहाला ती दारातच उभी. हातात नखाएवढं एक ब्लूटूथचं यंत्र आणि गळ्यात हे भलेमोठे हेडफोन. "काका, आज करूच."

"आजच काय नडलंय?"

"आज मला सुट्टी आहे." तोंडाकडं बघितलं तर पोरगी सुट्टीतली दिसत नव्हती. चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा होता. मला वाटलं, मीटिंगमध्ये फारच त्रास झालेला दिसतो. बसू दिली.

त्यात एक गोष्ट मलाही खुपत होती. शुक्रवारी आणि शनिवारी गिरजाचा फोन आला नव्हता. मी काही लावला नाही. रोज तिचा येतो, मी कशाला लावू?

निवेदितानं ते नखाएवढं यंत्र कंप्युटरला खोचलं आणि काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी लिहायला लागली. मी बाजूला खुर्ची घेऊन बसलो. मशीनचं काम असलं की मला बघायला आवडतं. तिनं फोनमध्ये ब्लूटूथ चालू केलं, यादीत आमच्या कंप्युटरचं नाव आलं, दोन्हीकडं सारखाच आकडा दिसला, दोन्हीकडं होय म्हटलं. फोनवर एक अभंग लावला तर तो कंप्युटरमधून, हेडफोनमधून माझ्या कानात. मी म्हटलं, झालं की!

"नाही काका." तिनं वरून मला फोन लावून बघितला. घंटी वाजली, मी उचलला, तर आवाज फोनमधूनच. कंप्युटर ढिम्म.

"गाणं येतं आणि बोलणं येत नाही, असं कसं?"

ती माझ्या समोर येऊन, तोंड माझ्याकडं करून म्हणाली, "गाण्यात आवाज एकाच बाजूनं येतो काका. बोलण्यात दोन्ही बाजूंनी जावा लागतो. ते वेगळं काम आहे, वेगळं चालू करावं लागतं. कंप्युटरनं फोनला सांगायला पाहिजे की मी हेडसेट आहे."

"म्हणजे कंप्युटर फोनला फसवणार."

"फसवणार नाही. हेडसेटचं काम करणार."

दोन तास ती त्याच्यावर बसली. मी दोनदा चहा केला. शेवटी कुठल्याशा फायलीत तिला एक ओळ सापडली, ती तिनं बदलली, कंप्युटर बंद करून चालू केला, आणि फोनवर हेडफोनचं चित्र उमटलं. मग तिनं पडद्यावर दहा-बारा उभ्या पट्ट्या आणल्या आणि उजवीकडच्या पट्ट्या बोटानं ढकलावं तशा वर नेल्या.

"हे काय?"

"वरचे सूर. थोडे वाढवते."

"मला ऐकू येतं सगळं."

"हो काका. तुमच्या फोनलाच वरचे सूर कमी येतात." असं म्हणून ती वर गेली आणि तिथून फोन लावला.

"काका, सांगा, स्पष्ट ऐकू येतंय?"

तिच्या बोलण्यात 'स' होता. स, ष, ट, त, सगळे होते, प्रत्येक अक्षराला कड होती. किती वर्षं मी अक्षरांच्या जागी नुसती धूसर गुणगुण ऐकत होतो, याचा मला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "ठीक आहे. चालेल."

ती खाली आली आणि दारात रेंगाळली. "काका, तुमच्या फोनमध्ये आधीचे कॉल रेकॉर्ड होतात ना? काकूंचे? त्यातला एखादा लावून बघा. आवाज कसा येतो ते कळेल." आणि माझ्याकडं न बघता वर निघून गेली.

रेकॉर्ड होतात हे खरं. बँकेच्या नावानं फोन करून फसवतात म्हणून समर्थनं तसं लावून ठेवलंय. मी यादी उघडली. गिरजा, गिरजा, गिरजा, खालपर्यंत गिरजाच. दोन महिन्यांपूर्वीचा एक लावला.

"अहो, हळू बोलते हं. सुखदाची मीटिंग चाललीय. मला आता इथं नको वाटतंय. खाली बघितलं की गरगरतं. पोरगी गोड आहे, सुखदाही वाईट नाही. पण किती दिवस राहायचं? तुम्ही एकदा न्यायला या."

आणि मग माझा आवाज, खणखणीत. "हो हो, बरं बरं."

हे न्यायला या म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडं बाई लेकाच्या घरातून आपली आपण पिशवी उचलून निघाली, की सुनेशी वाजलं असं सगळे धरून चालतात. लेकाच्या जिवाला लागतं, सुनेला बोल लागतो. पण नवरा न्यायला आला, "घरी माझे हाल होतात" असं चारचौघांत म्हणाला, की ती मानानं निघते आणि कुणाचं काही बिघडत नाही. एवढं साधं काम, आणि ते मीच करायचं होतं.

पुढचा लावला. "मग या रविवारी येताय? बॅग भरून ठेवते."

"छान छान."

त्याच्या पुढचा, सोमवारचा. "आला नाहीत. लिफ्टचं दार वाजलं की मी उठत होते. समर्थ विचारायला लागला, आई कुणाची वाट बघतेस? काही काम निघालं का तुमचं?"

"मग! हो तर!"

एकामागून एक ऐकत गेलो. दोन महिन्यांत अकरा वेळा तिनं न्यायला या म्हटलं होतं. एकदा रडत म्हटलं होतं. त्या रडण्यानंतर माझा आवाज आला, "बरं झालं." एकदा ती म्हणाली, "माझ्यावाचून तुमचं बरं चाललेलं दिसतंय," आणि मी म्हणालो, "एकदम मस्त!" कुठला तो नालायक माणूस, असं वाटून त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती, आणि तो तर मीच होतो.

शेवटचा गुरुवारचा. "हे शेवटचं विचारते. सोमवारपासून सुखदाला रोज ऑफिसला जावं लागणार आहे. पाळणाघराचं नक्की करायचं का, असं समर्थ रोज विचारतो. रविवारी दिवेलागणीपर्यंत आलात तर मी येते. नाहीतर त्याला सांगते, मी कायमची इथंच राहते, पाळणाघर नको. मग परत नाही विचारायची."

"उत्तम! छान झालं."

मग नुसता तिचा श्वास. तोही ऐकू आला, एवढी ती हेडफोनची करामत. मग ती म्हणाली, "बरं. ठेवते."

मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते, आणि रविवार होता. निवेदिता सकाळी दहालाच दारात का उभी होती, तेही मला तेव्हा कळलं. माझा स्पीकर तिच्या मीटिंगमध्ये जात होता, म्हणजे गिरजाचं बोलणंही जात होतं. दोन महिने त्या पोरीनं वर बसून ऐकलं आणि तोंडावर सांगायचा तिला संकोच वाटला. मी जिन्याकडं बघून ओरडलो, "निवेदिता, घरावर लक्ष ठेव!" आणि स्कूटर काढली.

डांगे चौकात अर्धा तास गेला. कधी नव्हे ते देवाला हात जोडले, तेही क्लचवरून हात काढून. मारुंजीला त्यांच्या सोसायटीच्या गेटवर पोचलो तेव्हा सहा वाजले होते. वॉचमननं काहीतरी विचारलं. मी घाईत म्हटलं, "हो हो." त्यानं मला मागच्या बाजूनं, सामानाच्या लिफ्टकडं पाठवलं. डिलिव्हरी का, असं विचारलं होतं म्हणे त्यानं. एका गाद्यावाल्याबरोबर आणि दोन गाद्यांबरोबर मी सतराव्या मजल्यावर गेलो.

दार समर्थनं उघडलं. सुखदा नातीला घेऊन सोफ्यावर. गिरजा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि मला बघून तिथंच थांबली. देवापाशी दिवा अजून लागायचा होता.

मी म्हटलं, "न्यायला आलोय. घरी माझे हाल होतात."

"आज बरी आठवण झाली," ती म्हणाली. ती समोर होती, त्यामुळं मला प्रत्येक शब्द दिसला. "अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा हो म्हणालात आणि आला नाहीत. गुरुवारी मी कायमची राहते म्हटलं तर उत्तम म्हणालात, छान झालं म्हणालात. आता कशाला आलात?"

समर्थ एकदम पुढं आला. "आई, तुला जायचं होतं? मला का नाही बोललीस?" सुखदाचा चेहरा उतरला. ज्यासाठी न्यायला बोलावलं होतं, तेच सगळं चव्हाट्यावर आलं होतं.

माझ्यापुढं दोनच रस्ते होते. एक, बायकोच्या रडण्यावर उत्तम म्हणणारा मी हलकट माणूस आहे. दोन, मी बहिरा आहे. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला पहिला रस्ता बरा वाटला. हलकट सुपरवायझर मी बघितले होते, त्यांना मान असतो. पण गिरजा आत वळायला लागली. तिची पाठ दिसली की मला पुढचं काही कळणार नव्हतं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. "फोनवर तर काहीच येत नाही. तू काय म्हणतेस ते न कळता मी हो म्हणत होतो. आज दुपारी रेकॉर्डिंग ऐकलं, तेव्हा समजलं."

मला वाटलं, आता घर हादरेल. समर्थ म्हणाला, "बाबा, ते माहितीय आम्हाला. कॉलेजला होतो तेव्हापासून." सुखदा म्हणाली, "म्हणून तर मी नेहमी समोर येऊन बोलते." म्हणजे निवेदितालाही माहीत होतं. नंतर कळलं की कंपनीतही माहीत होतं, ती बटणवाली बाई मुद्दाम खांदा हलवायची, माणसाची नोकरी राहावी म्हणून. घ्या! तीस वर्षं मी दार लावून बसलो होतो आणि मागची भिंतच नव्हती.

गिरजाला मात्र माहीत नव्हतं. ती खुर्चीवर बसली. तोंड उघडं राहिलेलं.

"किती दिवसांपासून?"

"तीस एक वर्षं."

"मला वाटायचं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या बोलण्याला किंमत नाही."

तिनं समर्थ आणि सुखदाला खुणेनंच आत जायला सांगितलं. माझ्यासमोर खुर्ची ओढून घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारायला लागली.

"पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याच्या आधी चार दिवस मी पोट दुखतंय म्हणत होते. तुम्ही बरं बरं म्हणून सेकंड शिफ्टला गेलात."

"ऐकलं नव्हतं."

"समर्थ बारावीच्या सराव परीक्षेत नापास झाला, तेव्हा मी ओट्यापाशी रडत होते. तुम्ही म्हणालात, चहा टाक."

"तुझी पाठ होती माझ्याकडं. ऐकलं नव्हतं."

"मी शिवणाचा क्लास काढू का म्हटलं, तुम्ही पेपर वाचत राहिलात."

"नव्हतं ऐकलं गं. देवाशपथ." हे सगळं खरं होतं. आणि दर उत्तराला तिचा चेहरा सैल होत होता. एवढ्या वर्षांचं ओझं ती माझ्या बहिरेपणावर एकेक करून उतरवत होती. मला आत कुठंतरी बरंसुद्धा वाटायला लागलं होतं. बहिरं असण्यात एवढी सोय आहे हे आधी कळलं असतं तर!

मग तिनं हात मांडीवर घट्ट धरले.

"आई गेली तेव्हा," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली. वाईहून निरोप आला होता की आईनं बोलावलंय, लवकर ये. तुम्ही दारात बूट घालत होतात. मी म्हटलं, अहो, आज जाऊ का मी? तुम्ही काही बोलला नाहीत. हेल्मेट घातलंत आणि गेलात. मी दोन दिवस तुमच्या हो म्हणण्याची वाट बघितली. मी पोचले तेव्हा तिची वाचा गेली होती. माझा भाऊ तेव्हापासून तुमच्याशी बोलत नाही." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तेही ऐकलं नव्हतं का?"

ते ऐकलं होतं.

ती दारात, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि मोठ्यानं बोलली होती. नव्या डायची ट्रायल होती त्या दिवशी. बाहेरून पाहुणे साहेब येणार होते. समर्थ दहा-बारा वर्षांचा, त्याची परीक्षा. ती गेली तर पोराचं कोण बघणार, डबा कोण देणार, मला रजा टाकावी लागणार. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची तयारी नव्हती. मी हेल्मेट घातलं. एक शब्द नि शब्द ऐकून घातलं. तिची आई दोन दिवस थांबेल असं मी धरून चाललो, आणि ट्रायल पास झाली.

"नाही," मी म्हटलं. "ऐकलं नव्हतं."

गिरजा रडली. माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून, मोकळी होऊन रडली. "तेवढंच सलत होतं हो," ती म्हणाली. डोकं वर करून, मला तोंड दिसेल असं म्हणाली. "बाकी कशाचं काही नाही. तेवढंच." मग डोळे पुसून उठली, देवापाशी दिवा लावला, आणि आत हाक मारली, "सुखदा, निघते गं मी! पाळणाघराचं नक्की करा. यांना ऐकूच येत नाही बिचाऱ्यांना, एकटे कसे राहतील?" कुणाच्या मनाला काही लागलं नाही. सुखदानं तिची बॅग लिफ्टपर्यंत आणून दिली.

आता ती घरी आहे. माझ्यासमोर उभी राहून, मोठ्यानं, प्रेमानं बोलते. येईल त्याला, भेटेल त्याला सांगते की यांच्यावर मी उगाच डूख धरला होता. परवा तिनं वाईला भावाला फोन केला आणि अर्धा तास बोलली. काल दुपारी मी कंप्युटरवर पेपर वाचत होतो, डोक्यावर हेडफोन होतेच, आणि फोन वाजला. मेहुण्याचा नंबर. बावीस वर्षांनी. गिरजा दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत, हसत.

"दाजी," तो म्हणाला. त्याचा आवाज आता म्हातारा झालाय. "ताईनं सांगितलं सगळं. आईच्या वेळेस तुम्हाला ऐकूच गेलं नव्हतं म्हणे. आम्ही बावीस वर्षं तुम्हाला नाही नाही ते बोललो. चुकलं आमचं. माफ करा."

निवेदितानं ते वरचे सूर फार चोख लावलेत. एक अक्षर सुटलं नाही.

"असू दे रे," मी म्हटलं.